कडेत दडलेली ठिणगी

एनसीसीत असताना पॉइंट टू-टू रायफलीनं फायरिंग केलं असेल, तर तिची रिकामी पुंगळी तुम्ही हातात धरलेली आहे. पण नीट पाहिली नसेल, कारण फायरिंग संपलं की पुंगळ्या मोजून परत द्याव्या लागतात. पुन्हा कधी संधी मिळाली, तर ती उलटी करून बुड बघा. पितळेची, जेमतेम दीड सेंटीमीटर लांबीची नळकांडी. बुडाला बाहेर आलेली बारीक कड. आणि त्या कडेवर, अगदी एका बाजूला, एक चपटा खड्डा.

हा खड्डा कडेवर का? पोलिसांच्या नऊ मिलिमीटर पिस्तुलाची पुंगळी पाहिली, तर तिचा खड्डा बरोबर मध्यभागी असतो. तिथे बुडात एक वेगळी छोटी टोपी बसवलेली असते, फायरिंग पिन त्या टोपीवर आदळते आणि ठिणगी पडते. टू-टूच्या काडतुसाला अशी टोपीच नाही. बूड सपाट, कोरं. मग ठिणगी येते कुठून?

कडेतून! ती कड भरीव नाहीच. पत्रा बाहेर दुमडून परत आत वळवलेला असतो, आणि करंजीच्या मुरडलेल्या कडेत सारण शिरावं तसं त्या दुमडीत ठिणगीचं मिश्रण भरलेलं असतं. पिन कडेवर आदळते, पत्र्याचे दोन थर एकमेकांवर चेपले जातात, मधलं मिश्रण चिरडतं आणि पेटतं. म्हणून याचं नाव रिमफायर. सगळी करामत कडेत.

आता जरा थांबून विचार करा. मिलिमीटरभर जाडीच्या त्या बंद दुमडीत मिश्रण शिरवायचं कसं? कारखान्यात ओल्या मिश्रणाचा थेंबभर गोळा पुंगळीच्या तळाशी ठेवतात आणि आत गरगर फिरणारी दांडी घालतात. फिरकीच्या जोरानं ओलं मिश्रण बाहेर फेकलं जातं आणि कडेच्या दुमडीत चहूकडे जाऊन बसतं. मग वाळवायचं, दारू भरायची, वर शिशाची गोळी बसवायची. चहूकडे पोचणं फार महत्त्वाचं, कारण काडतूस नळीत कसंही फिरून बसू शकतं. कडेचा कोणता बिंदू पिनेखाली येणार, हे कुणालाच सांगता येत नाही. वर्तुळात एखादी जागा कोरी राहिली आणि पिन नेमकी तिथेच आदळली, तर नुसता ‘खट्’ आवाज येतो. चांगल्या काडतुसाची आणि स्वस्त काडतुसाची किंमत ज्या गोष्टींनी ठरते, त्यातली ही एक.

ही कल्पना आली कुणाला? पॅरिसच्या लुई-निकोला फ्लोबेर या बंदूककाराला, 1845 मध्ये. त्या काळी बंदुकीला ठिणगी देण्यासाठी एक छोटी टोपी वेगळी लावत. फ्लोबेरनं त्या टोपीतच गोळी बसवली. वेगळी दारू नाहीच, टोपीचाच जोर पुरेसा. कशासाठी? लढाईसाठी नाही, शिकारीसाठीही नाही. दिवाणखान्यात बसल्या बसल्या निशाणा लावण्यासाठी! म्हणजे आज आपण ज्याला हौशी नेमबाजी म्हणतो, त्यासाठीच हे काडतूस जन्माला आलं. 1857 मध्ये अमेरिकेत स्मिथ अँड वेसन कंपनीनं असंच छोटं काडतूस वापरणारं रिव्हॉल्व्हर काढलं, आणि 1887 मध्ये आजचं ‘टू-टू लाँग रायफल’ आलं. त्यानंतर विमानं आली, अणुबाँब आला, माणूस चंद्रावर जाऊन आला. हे काडतूस मात्र त्याच मापात आजही जगभर बनतं.

त्या कडेचे परिणाम पुढे कुठवर जातात, ते बघण्यासारखं आहे. पिनेला कड चेपता यावी म्हणून पत्रा पातळ ठेवावा लागतो. पत्रा पातळ म्हणून आतला दाब फार वाढवता येत नाही. दाब बेताचा म्हणून दारू थोडी, गोळीही हलकी, सुमारे 2.6 ग्रॅमची. गोळी हलकी म्हणून झटका नगण्य. आणि शिकणाऱ्यासाठी इथेच सगळं आहे. मोठ्या पिस्तुलाचा दणका दोनदा बसला की चाप ओढण्याआधीच मनगट आपोआप आकसतं, आणि ही सवय एकदा लागली की सुटायला फार वेळ लागतो. टू-टूवर ती सहसा लागत नाही.

यातल्या दारूचंही एक नवल. ही काळी दारू नव्हे, बिनधुराची. तिचा मूळ पदार्थ सेल्युलोज, म्हणजे कापसाचा तंतू ज्याचा बनलेला असतो तेच. आपल्या गोंदियाशेजारच्या भंडाऱ्याजवळ जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत अशा प्रकारची दारू बनते. तिथल्या 24 जानेवारी 2025 च्या स्फोटानंतर या कामातली जोखीम आपल्या भागाला वेगळी सांगायला नको. काडतुसातली ही दारू मात्र स्फोट पावत नाही, ती जळते. किती वेगानं जळावी हे तिच्या कणांच्या आकारावर आणि लेपावर ठरवलेलं असतं.

पिस्तुलात पुढे काय घडतं? टू-टूच्या बहुतेक स्वयंभरणी पिस्तुलांत काडतुसामागचा पोलादी बोल्ट कशानंही अडकवलेला नसतो. कडी नाही, कुलूप नाही. त्याला जागेवर धरतं ते फक्त त्याचं वजन आणि मागची स्प्रिंग. वायूचा दाब गोळीला पुढे ढकलतो आणि त्याच क्षणी बोल्टला मागे. मग पुंगळी लगेच बाहेर येऊन वायू तोंडावर का फुटत नाही?

बोल्ट 200 ग्रॅमचा धरा. गोळीपेक्षा तो सुमारे 77 पट जड. गोळी 15 सेंटीमीटरची नळी ओलांडते तोवर बोल्ट सरकतो साधारण दोन मिलिमीटर! पुंगळी अजून नळीतच, तोंड घट्ट बंद. हे सगळं साधारण एका मिलिसेकंदात. गोळी बाहेर पडली, दाब ओसरला, आणि मग बोल्ट आपल्याच वेगानं मागे जातो, रिकामी पुंगळी बाहेर फेकतो, घोडा चढवतो, स्प्रिंगच्या जोरावर परत येताना मॅगझिनमधलं नवं काडतूस ओढून नळीत बसवतो. पापणी लवायच्या आत पिस्तूल पुन्हा तयार.

गोळीला नळीतले आटे फिरकी देतात, सुमारे 40 सेंटीमीटरला एक फेरा. म्हणजे 15 सेंटीमीटरच्या नळीत तिचा अर्धा फेरासुद्धा होत नाही. तरी सेकंदाला 300 मीटर वेगानं निघालेली गोळी सेकंदाला सातशेहून जास्त गिरक्या घेत जाते, आणि म्हणूनच सरळ जाते. 25 मीटरवर पोचेपर्यंत ती खाली पडते अवघी तीन-चार सेंटीमीटर.

या सगळ्यावर किती भिस्त ठेवता येते, ते कोल्हापूरच्या राही सरनोबतनं दाखवलं. पहिली बंदूक तिनं शाळेत एनसीसीतच हाताळली. 22 ऑगस्ट 2018 रोजी पालेमबांगला आशियाई खेळांत 25 मीटर पिस्तुलाची अंतिम फेरी होती. या फेरीत प्रत्येक गोळीसाठी लक्ष्य फक्त तीन सेकंद खुलायचं. हात खाली, लक्ष्य खुललं की वर, एक गोळी, पुन्हा खाली. राही आणि थायलंडची स्पर्धक 34 वर बरोबरीत आल्या. पाच गोळ्यांच्या शूट-ऑफमध्ये पुन्हा बरोबरी. दुसऱ्या शूट-ऑफमध्ये राही 3-2 नं जिंकली. आशियाई खेळांत नेमबाजीचं सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. ऑगस्ट 2024 मध्ये कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं ऑलिम्पिकचं कांस्य जिंकलं, ते रायफलीवर, पण काडतूस हेच.

मग सरावासाठी भरवशाचं पिस्तूल ओळखायचं कसं? पुन्हा कडेकडेच या. आधी मॅगझिन बघा. काडतुसांना बाहेर आलेली कड असल्यामुळे ती एकावर एक रचताना वरच्याची कड खालच्याच्या कडेपुढेच असावी लागते. उलटं झालं की दोन्ही कडा एकमेकींत अडकतात आणि भरणी बंद पडते. म्हणून टू-टूची बहुतेक मॅगझिनं तिरपी असतात. पिस्तूल अडतं तेव्हा लोक स्प्रिंगला आणि नळीला दोष देतात, पण दुखणं बहुधा मॅगझिनच्या वाकलेल्या ओठांत असतं. ओठ पक्के, सुटं मॅगझिन सहज मिळणारं, हे मी चकचकीत मुठीपेक्षा कितीतरी वर धरतो.

दुसरं, पिस्तूल आणि काडतूस यांची जोडी. बोल्टचं वजन आणि स्प्रिंग एका ठरावीक जोराच्या काडतुसासाठी जुळवलेली असते. स्पर्धेची नाजूक पिस्तुलं साध्या वेगाची काडतुसं मागतात, हौशी सरावाची काही पिस्तुलं जोरदार काडतुसांवरच नीट फिरतात. तेव्हा ‘कुठलं पिस्तूल चांगलं’ या प्रश्नाआधी ‘मला नियमित कुठली काडतुसं मिळणार’ हा प्रश्न येतो. तीच काडतुसं घेऊन 50 ची पेटी सलग चालवून बघा. अडथळा मॅगझिनचा, काडतुसाचा की हाताचा, हे एवढ्यात बरंचसं कळतं.

नळी चौकटीला पक्की बसवलेली असावी, म्हणजे मागेपुढे फक्त बोल्ट सरकतो आणि नेम हलत नाही. महिलांच्या 25 मीटर स्पर्धेत चापाचं वजन किमान एक किलो लागतं. शिकतानाही तेवढंच ठेवा, फार हलका चाप चुकीची सवय लावतो. आणि पिस्तूल रिकामं असताना चाप ओढायचा सराव निर्मात्यानं परवानगी दिली असेल तरच करा. काडतूस नसताना पिन कडेच्या जागी थेट नळीच्या पोलादी काठावर आदळू शकते, तिथे खाच पडते आणि पुढे काडतूस अडकू लागतं.

हवामानाचीही गंमत आहे. गोंदियाचा हिवाळा पारा आठ अंशांपर्यंत उतरवतो आणि उन्हाळा पंचेचाळीसला नेतो. आठ अंशांना आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे 336 मीटर, पंचेचाळीसला सुमारे 358. लक्ष्यभेदाची काडतुसं मुद्दाम याच्या खालच्या वेगाची बनवतात, कारण आवाजाचा वेग ओलांडून परत खाली येताना गोळी हेलकावते. उन्हात तापलेली दारूही जरा जोरात जळते. एकाच पेटीतली काडतुसं जानेवारीत आणि मेमध्ये किंचित वेगळी वागतात, तेव्हा पेटी सावलीत ठेवा.

गोळी हलकी आहे म्हणून तिला खेळणं मात्र समजू नका. टू-टूची गोळी दीड मैलापर्यंत जाऊ शकते. धानाच्या बांधीत किंवा बोडीच्या काठावर सराव होऊ शकत नाही. उथळ कोनातून पाण्यावर पडलेली गोळी टप्पा घेऊन कुठेही जाते. मागे पक्की भिंत किंवा मातीचा उंच बंधारा असलेली मान्यताप्राप्त रेंजच हवी. ‘खट्’ आवाज येऊन गोळी सुटली नाही, तर नळी लक्ष्याकडेच धरून अर्धा मिनिट थांबा, कारण ठिणगी कधी कधी उशिरा पेटते. आणि रेंजवरून आल्यावर हात साबणानं धुतल्याशिवाय काही खाऊ नका. गोळी शिशाची, ठिणगीच्या मिश्रणातही बहुधा शिसंच असतं.

टू-टू पिस्तुलाला शस्त्र परवाना लागतो, वयाची 21 वर्षं पूर्ण असावी लागतात, आणि गोंदियात अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे करायचा असतो. साडेचार मिलिमीटरच्या, 20 जूलपर्यंत जोराच्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही, आणि दहा मीटरची जागा मोठ्या सभागृहातही निघते. माझं सांगणं सरळ आहे. आधी एअर पिस्तुलावर हात बसवा, मग क्लबच्या टू-टूवर क्लबच्याच प्रशिक्षकासमोर शिका, आणि स्वतःचं पिस्तूल त्यानंतर घ्या. तोवर कुठलं घ्यायचं हे विचारायला तुम्हाला कुणाकडे जावं लागणार नाही.