केडगावचा गूळ पुण्यात विकायचाय? आधी रंगाचं गणित समजून घ्या

‘लोकल खा’ असं आजकाल सगळेच म्हणतात. पण लोकल विकणाऱ्याला त्यात पैसे कसे सुटतात, ते कोणी सांगत नाही. आज उदाहरण घेऊ दौंड तालुक्यातल्या केडगावचं. भीमेच्या पाण्यावरचा ऊस, आजूबाजूला गुऱ्हाळं आणि पुण्याला जाणारी रेल्वे. माल आहे, गिऱ्हाईकही जवळच आहे. मग अडतं कुठं?

अडतं रंगावर. बाजारात ढेपेचा भाव बराचसा रंग बघून ठरतो. पिवळाधमक गूळ वरच्या भावाला, तपकिरी खालच्या. म्हणून काही ठिकाणी रस उकळताना हायड्रोस पावडर टाकतात. त्यानं रंग उजळतो, पण गुळात गंधकाचा अंश राहतो. भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालून मळी काढलेला गूळ बहुतेक वेळा तपकिरीच निघतो. म्हणजे बघा, चांगलं काम करणाऱ्याला ढेपेच्या सौद्यात कमी भाव! असा गूळ परवडायचा तर तो थेट खाणाऱ्याच्या हातात गेला पाहिजे.

आता हिशोब. समजा, ऊस टनाला 3000 रुपयांनी पडला. एका टनातून साधारण 100 ते 110 किलो गूळ निघतो. 105 धरा, म्हणजे किलोमागे नुसता ऊसच साडेअठ्ठावीस रुपयांचा. जळणाला चिपाडं घरचीच असतात, पण गुळव्याची मजुरी, पॅकिंग, पुण्याची वाहतूक आणि दुकानदाराचं कमिशन धरल्याशिवाय भाव सांगू नका. बरेच जण शेजारच्या दुकानातला भाव बघून आपला ठरवतात आणि सहा महिन्यांत गाशा गुंडाळतात.

काकवीकडेही बघा. घट्ट गुळाला पाक 118 अंशांच्या आसपास न्यावा लागतो, काकवी 105-106 अंशांवरच उतरवतात. काहिलीतला वेळ वाचतो, आणि बाटलीतल्या काकवीला ढेपेसारखं पिवळ्या रंगावर कोणी जोखत नाही.

लेबलवर मात्र सांभाळून. हायड्रोस न घातलेला गूळ म्हणजे सेंद्रिय गूळ नव्हे! उसाला रासायनिक खत दिलं असेल तर तो सेंद्रिय होत नाही. दुकानात ठेवायच्या पाकिटावर ‘सेंद्रिय’ छापायचं तर एनपीओपी किंवा पीजीएस-इंडियाचं प्रमाणपत्र लागतं. एफएसएसएआयची नोंदणी तर पहिल्या पाकिटाआधीच करा. मशिनरीसाठी 2020 साली सुरू झालेल्या पीएमएफएमई योजनेत 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाखांपर्यंत अनुदान ठेवलं होतं. सध्या अर्ज घेतात का, ते तालुका कृषी कार्यालयात विचारा.

आणि हो, पावसाळ्यात गूळ हवेतली ओल ओढतो, पाझरतो. मोठी ढेप उघडी ठेवून तोडून विकण्यापेक्षा अर्ध्या किलोची हवाबंद पाकिटं करा, वर तारीख आणि घाण्याचा नंबर टाका. तक्रार आली तर कोणत्या काहिलीतला माल होता ते लगेच सापडतं.