विश्लेषण : कार्ब्युरेटरवाली ‘मारुती ८००’ घरी कशी सांभाळायची? बंद पडली तर आधी काय बघायचं?

गाडी दारात उभी आहे, घरचे विकू देत नाहीत आणि ज्यांना तिची नस माहीत होती ते मिस्त्री एकेक करून काम थांबवताहेत. कार्ब्युरेटर असलेली मारुती ८०० ज्यांच्याकडे आहे, त्यांची आज बऱ्याचदा हीच अडचण असते. नव्या गॅरेजमधला मुलगा बॉनेट उघडून आधी स्कॅनर लावायची जागा शोधतो. या गाडीत ती जागाच नाही. पण याच कारणामुळे तिचं बरंचसं निदान घरी होऊ शकतं. जे बिघडतं ते दिसतं, ऐकू येतं किंवा त्याचा वास येतो. कोणत्या क्रमाने बघायचं आणि कुठे हात आखडता घ्यायचा, एवढं मात्र माहीत हवं.

नेमकी कोणती गाडी?

१४ डिसेंबर १९८३ रोजी तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते पहिल्या ८००ची किल्ली ग्राहकाला देण्यात आली. १९८६मध्ये नव्या आकाराची ८०० आली आणि आज रस्त्यावर दिसतात त्या बहुतेक गाड्या त्याच आकाराच्या आहेत. जानेवारी २०१४मध्ये उत्पादन थांबलं. इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं. २०००च्या आसपास कार्ब्युरेटर जाऊन एमपीएफआय म्हणजे इंजेक्शनची प्रणाली आली. हा लेख त्याआधीच्या गाड्यांबद्दल आहे. सुट्या भागांची चिंता वाटते तेवढी मोठी नाही. याच कुळातलं इंजिन ओम्नीमध्ये होतं आणि ओम्नी २०१९पर्यंत बनत होती. इंजिनाचे बरेच भाग त्यामुळे अजून मिळतात. काचा, दारांच्या रबरी पट्ट्या आणि डॅशबोर्डचं प्लास्टिक शोधायला मात्र जुना बाजार पालथा घालावा लागतो.

गाडी सुरूच होत नाही. सुरुवात कुठून?

पहिला प्रश्न एकच : सेल्फ फिरतो का?

किल्ली फिरवल्यावर नुसता ‘कट्’ आवाज आला आणि हेडलाइट मंद झाले, तर इंजिनाला हात लावू नका. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरा-हिरवट थर दिसतो का ते बघा. आधी निगेटिव्ह आणि मग पॉझिटिव्ह टर्मिनल सोडवायचं. गरम पाण्यात खायचा सोडा घालून, जुन्या ब्रशने घासून, कोरडं करून परत घट्ट बसवायचं. जोडताना निगेटिव्ह शेवटी. साध्या मल्टिमीटरवर उभ्या गाडीची भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. गाडी चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. ते दिसत नसतील, तर नवी बॅटरी घेऊन काही होणार नाही. बिघाड अल्टरनेटरमध्ये, त्याच्या पट्ट्यात किंवा वायरिंगमध्ये आहे. बॅटरी बदलूनही महिन्याभरात गाडी परत ‘डाऊन’ होते, त्यातल्या बऱ्याच प्रकरणांचं मूळ इथे असतं.

सेल्फ जोमाने फिरतोय, पण इंजिन पकडत नाही? मग पेट्रोल येत नाही किंवा ठिणगी पडत नाही. दोन्हींपैकी काय, ते स्पार्क प्लग सांगतो. थोडा वेळ सेल्फ मारून एक प्लग खोला. तो ओला असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल, तर पेट्रोल पोचतंय आणि ठिणगीचा संशय घ्यायचा. (चोक जास्त वेळ ओढून ठेवला असेल तरी प्लग ओला होतो. तसं असेल तर चोक पूर्ण आत करून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारा.) प्लग कोरडा ठणठणीत असेल, तर पेट्रोलच येत नाहीये.

पावसाळ्यात ठिणगीच का रुसते?

या गाडीत ठिणगी वाटण्याचं काम डिस्ट्रिब्युटर करतो. त्याच्या प्लास्टिकच्या टोपीत ओल शिरली, की हजारो व्होल्टचा प्रवाह प्लगकडे जाण्याऐवजी ओल्या पृष्ठभागावरून भलतीकडे पळतो. कोकणात, मुंबईत जुलैच्या सकाळी हमखास होणारा हा प्रकार. टोपी काढून आतून-बाहेरून कोरड्या फडक्याने पुसा. आत केसासारखी काळी रेष दिसली तर तो तडा आहे. पुसून तो जात नाही, टोपी बदलावी लागते. त्याच वेळी मधला कार्बनचा ठिपका आणि रोटरचं टोकही बघा. जुन्या मॉडेलमध्ये आत पॉइंट असतात. त्यांची टोकं जळून खडबडीत झाली तरी इंजिन ‘मिसिंग’ करतं.

प्लगच्या वायरी काढण्याआधी त्यांवर चिकटपट्टी लावून १, २, ३ असे आकडे घाला. इंजिनाचा फायरिंग क्रम १-३-२ आहे. वायरींची अदलाबदल झाली, तर धडधाकट गाडीही फटफट आवाज करत बंद पडेल. ठिणगी बघण्यासाठी प्लग हातात धरू नका. तो इंजिनाच्या धातूला टेकवून, इन्सुलेशन असलेल्या पकडीने धरा आणि उघड्या पेट्रोलपासून लांब राहा.

प्लगचा रंगही वाचण्यासारखा असतो. टोक बिस्किटी रंगाचं असेल तर सगळं ठीक. काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय, म्हणजे चोक अडकलाय किंवा एअर फिल्टर तुंबलाय. पांढरं फटक असेल तर मिश्रणात हवा जास्त आहे. हा शेवटचा रंग हलक्यात घेऊ नये. का, ते पुढे ई-२०च्या मुद्द्यात येईल.

पेट्रोल येत नसेल तर?

८००चा पेट्रोल पंप इंजिनावर बसवलेला, यांत्रिक असतो. आतला रबरी पडदा वर-खाली होऊन टाकीतून पेट्रोल ओढतो. पडदा फाटला की गाडी आधी चढावर दम टाकते, मग सपाटीवरही. त्याआधी फिल्टर बघा. पारदर्शक फिल्टरमध्ये तांबूस गाळ दिसला तर तो टाकीतला गंज आहे. फिल्टर बदलून काही महिनेच निभतात.

मे महिन्यात ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर गाडी बंद पडते आणि वीस मिनिटांनी आपोआप सुरू होते, हा अनुभव अनेकांना असेल. उष्णतेने पाइपमधल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंपाला वाफ ओढता येत नाही. जुने ड्रायव्हर पंपावर ओलं फडकं ठेवायचे. तो उपाय खरंच चालतो. फक्त पाणी डिस्ट्रिब्युटरवर सांडू देऊ नका.

गाडी पळते, पण सिग्नलला बंद पडते? मग कार्ब्युरेटरचा स्लो जेट तुंबलेला असण्याची शक्यता मोठी. किंवा एखादी व्हॅक्यूम नळी तडकलेली असेल. अशा वेळी इंजिन चालू असताना ‘सूं’ असा बारीक आवाज येतो. कार्ब क्लीनरचा फवारा आणि हवेचा दाब एवढ्यावर जेट साफ होतो. पितळी जेटमध्ये तार किंवा सुई खुपसण्याची सवय आपल्याकडे फार आहे. त्याने भोक किंचित मोठं होतं आणि मायलेज कायमचं जातं. मिक्श्चरचा स्क्रू फिरवण्याआधी तो आत किती वेढे बसतो ते मोजून लिहून ठेवा, म्हणजे निदान मूळ जागी परत येता येईल. इंजिनिअरिंग कॉलेजात आम्हाला कार्ब्युरेटर भिंतीवरच्या कापून दाखवलेल्या मॉडेलमध्ये भेटला. खऱ्या कार्ब्युरेटरमध्ये त्याहून जास्त स्प्रिंगा असतात आणि त्या जमिनीवर पडल्या की सापडत नाहीत. त्यामुळे खोलताना खाली पांढरी परात ठेवा, प्रत्येक टप्प्याचा मोबाइलवर फोटो काढा.

काटा वर चढला तर?

८००ला कायमचं घरी बसवणारा बिघाड म्हणजे इंजिन तापणं. इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं आहे. फार तापलं की ते वाकतं, गॅस्केट जातं आणि पाणी सिलिंडरमध्ये किंवा ऑइलमध्ये मिसळतं. खंबाटकी किंवा कशेडी चढताना काटा लालकडे सरकला, तर ‘वर जाऊन थांबू’ हा हिशोब महागात पडतो. तिथेच सुरक्षित कडेला थांबा. थांबायला जागाच नसेल, तर एसी बंद करा आणि हीटर असेल तर पूर्ण सुरू करा. तो इंजिनाची थोडी उष्णता केबिनमध्ये ओढून घेतो. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही. आतलं पाणी दाबाखाली असतं, झाकण सैल होताच ते उकळून तोंडावर येतं. इंजिन हाताला सोसेल इतकं गार होऊ द्या.

एक फसवी गोष्ट अनेकांना माहीत नसते. पाणी पूर्ण संपलं तर काटा खाली येऊ शकतो, कारण सेन्सर पाण्यात बुडालेला राहत नाही. चढावर काटा अचानक उतरला आणि इंजिनाची ताकदही गेली, तर ती चांगली बातमी नाही.

घरी काय बघायचं? दर आठवड्याला सकाळी गार गाडीत कूलंटची पातळी. पाइप दाबून बघा, फार मऊ किंवा चुरचुरीत लागला तर बदला. गाडी उभी ठेवून इंजिन चालू ठेवा; काही मिनिटांनी रेडिएटरचा विजेवरचा फॅन आपोआप लागला पाहिजे. नाही लागला तर फ्यूज आणि मग थर्मो स्विच तपासून घ्या. ऑइलच्या झाकणाखाली पांढरट साय दिसली, रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे आले किंवा कूलंट गळती न दिसता कमी होत राहिलं, तर गॅस्केटचा संशय घ्या आणि गाडी चालवू नका.

‘थर्मोस्टॅट काढून टाका, गाडी तापणार नाही’ हा सल्ला अजून सर्रास दिला जातो. त्याने मूळ दोष झाकला जातो, इतकंच. इंजिन हवं तेवढं गरमच होत नाही, पेट्रोल जास्त जातं आणि न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन नेतं.

ई-२० पेट्रोलचा या गाडीला त्रास होतो का?

होतो, पण समाजमाध्यमांवर सांगतात त्या पद्धतीने नाही. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन असतो, त्यामुळे तेवढ्याच हवेत मिश्रण ‘पातळ’ होतं. इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर पाहून संगणक पेट्रोल वाढवतो. कार्ब्युरेटरला ते कळत नाही. थंडीत सुरू व्हायला वेळ लागतो, पिकअप अडखळतो, प्लग पांढरट दिसू लागतो. जाणत्या मिस्त्रीकडून ट्युनिंग करून घेतल्यास यातलं बरंचसं आटोक्यात येतं.

खरा धोका रबराचा. जुन्या नळ्या, पंपाचा पडदा, कार्ब्युरेटरमधली सीलं यांचं रबर इथेनॉलसाठी बनवलेलं नव्हतं. ते फुगतं, मग तडकतं. गरम इंजिनावर ठिबकणारं पेट्रोल म्हणजे आग. त्यामुळे या गाडीवर एकच खर्च करायचा असेल, तर टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतच्या सगळ्या रबरी नळ्या आणि क्लिपा बदला. दुकानात ‘पेट्रोल पाइप’ एवढंच न सांगता इथेनॉल चालणारा, एसएई जे-३० आर-९ दर्जाचा मागा. दर्जा नळीवरच छापलेला असतो. इथेनॉल हवेतली ओलही शोषतं. महिनोन् महिने उभी राहणारी गाडी अर्ध्या टाकीवर ठेवू नका. आठवड्यातून एकदा नुसती सुरू करण्यापेक्षा पंधरा-वीस मिनिटं चालवून आणा.

कुठे घरी हात लावायचा नाही?

ब्रेक, स्टिअरिंग आणि पेट्रोलची टाकी. ब्रेक ऑइलची पातळी बघणं, चाकाच्या आतल्या बाजूला ओल आहे का पाहणं, पेडल हळूहळू खाली बसतं का तपासणं, एवढं घरी करा. उघडण्याचं काम मिस्त्रीचं. ब्रेक ऑइल ओल शोषतं, त्यामुळे गाडी कमी चालली तरी साधारण दोन वर्षांनी ते बदलून घ्यावं. पावसाळ्यात बरेच दिवस उभी ठेवताना हँडब्रेक ओढून ठेवू नका, मागचे लायनर ड्रमला चिकटतात. गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही, कितीही घाईत शिरायचं नाही.

टायरची नक्षी शाबूत असली तरी बाजूवरचा चार आकडी कोड वाचा. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. कमी चालणाऱ्या ८००चे टायर झिजण्याआधीच म्हातारे होतात. टायमिंग बेल्टचंही तेच. कधी बदलला ते कुणालाच आठवत नसेल, तर किलोमीटर न मोजता बदलून टाका.

आरटीओचं काय?

खासगी गाडीची नोंदणी पहिल्यांदा १५ वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून दर पाच वर्षांनी नूतनीकरण. ऑगस्ट २०२५च्या केंद्रीय अधिसूचनेने २० वर्षांवरच्या हलक्या मोटार वाहनांसाठी हे शुल्क १० हजार रुपये केलं, जीएसटी वेगळा. महाराष्ट्रात पर्यावरण कर आहेच. ‘व्हिंटेज’ म्हणून सवलत मिळेल या आशेवर राहू नका. नियमानुसार त्यासाठी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं लागतात. अगदी पहिल्या ८००लाही ती डिसेंबर २०३३मध्ये पूर्ण होतील.

शुल्क भरण्याआधी एक तपासणी घरीच करा. जॅक लावायच्या जागी पत्रा आत दबतो का आणि पायाखालची चटई उचलल्यावर जमीन ओली आहे का, ते बघा. या गाडीला वेगळी चासी नाही, पत्र्याचा सांगाडाच भार उचलतो. तिथे गंज खोल गेला असेल, तर आधी पत्र्याच्या कामाचा अंदाज घ्या. कधी कधी तो आकडा गाडीच्या किमतीपेक्षा मोठा निघतो आणि तेव्हा ती सोडून देणंच शहाणपणाचं असतं.

पीयूसीला जाताना गाडी आधी चांगली वीस मिनिटं चालवून गरम करा, एअर फिल्टर साफ असू द्या आणि चोक पूर्ण आत आहे याची खात्री करा. भारत स्टेज २ पूर्वीच्या पेट्रोल गाड्यांना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे. नीट ट्यून केलेली ८०० त्यात बसते.