रोममधला पहिला दिवस

परदेशच्या सहलीची तयारी आपण बायका महिनाभर आधीपासून करतो. मेतकूट, भाकरवडी, गोळ्या-औषधे, स्वेटर, सगळे आठवणीने भरतो. पण तिथे उतरल्यावर पहिला दिवस कसा घालवायचा, हा विचार मात्र राहून जातो. आणि खरं सांगू का, मैत्रिणींनो, सगळी सहल त्या पहिल्या दिवसावरच तरते. त्या दिवशी घरातले एखादे माणूस दमून आजारी पडले, की पुढचे आठ दिवस हॉटेलच्या खोलीत काढायचे!

गेल्या मे महिन्यात आम्ही रोमला गेलो. हे, मी, आमची दहावीतली लेक आणि बहात्तर वर्षांच्या सासूबाई. माझा शाळेतला अर्धवेळ पगार आणि भिशीचे पैसे तीन वर्षे बाजूला टाकले, तेव्हा कुठे बेत जमला. सासूबाई मात्र यायला तयारच नव्हत्या. "माझे गुडघे हे असे. तुमच्या गळ्यात माझं लोढणं कशाला?" एवढेच त्यांचे पालुपद. त्या पहिल्याच दिवशी हरल्या असत्या, तर पुढे खोलीबाहेर पडल्या नसत्या. यांच्या यादीत त्या एका दिवसात कोलोसियम धरून सात ठिकाणे होती. ती यादी मी पुढच्या दिवसांवर वाटून टाकली. पहिला दिवस आईंच्या गुडघ्यांच्या बेताने!

उन्हाळ्यात रोमचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते, हिवाळ्यात साडेचार. म्हणजे तिथे रात्रीचे आठ वाजले, की आपल्या अंगाला साडेअकरा झालेले असतात. मे महिन्यात आठलाही चांगला उजेड असतो, त्यामुळे शरीर आणखीनच गोंधळते. यावर उपाय एकच. दुपारी तासभर पडावे, पण गाढ झोपू नये. तिथली रात्र होईपर्यंत कसेबसे जागावे. दुसऱ्या दिवशी गाडी रुळावर येते.

विमानतळावरून आगगाडी बत्तीस मिनिटांत तेर्मिनी स्टेशनवर आणून सोडते. पण सामान आणि वयस्क माणूस बरोबर असेल, तर पांढरी टॅक्सी बरी. जुन्या शहराच्या तटबंदीच्या आत जायचे असल्यास तिचे भाडे ठरलेले असते. हॉटेल आम्ही मुद्दाम मध्यवस्तीत घेतले होते. खोली लहान, पण न्हाणीघरात पाय ठेवताच सासूबाईंचा चेहरा खुलला. कमोडशेजारी धुण्यासाठी नळाचे वेगळे भांडे! त्याला बिडे म्हणतात. इटलीत १९७५ सालापासून नव्या घरात ते असणे कायद्याने बंधनकारक आहे. "म्हणजे ही माणसं आपल्यासारखीच हो," आई म्हणाल्या. निम्मी धास्ती तिथेच संपली.

पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका. रस्त्यात जागोजागी लोखंडी खांबांचे अखंड वाहणारे नळ आहेत. नासोनी, म्हणजे मोठ्या नाकाचे, असे त्यांचे नाव. १८७० नंतरच्या दशकात ते बसवायला सुरुवात झाली. पाणी थंडगार आणि पिण्याजोगे. तोटीचे तोंड बोटाने दाबले, की वरच्या भोकातून कारंजे उडते. लेकीने दिवसभर तोच उद्योग केला.

जेवणाचे म्हणाल, तर पिझ्झ्याचे मोठे तुकडे कापून वजनावर मिळतात. टोमॅटोचा साधा पिझ्झा सासूबाईंना आवडला. तिथल्या पार्मेझान चीजमध्ये वासराच्या पोटातले विरजण असते, म्हणून कडक शाकाहारी असाल तर चीजविना मागा. भाज्यांच्या सुपातही मांसाचे पाणी असू शकते, ते विचारून घ्या. कॉफी उभ्याने प्यालात तर स्वस्त, टेबलाशी बसलात की बिल वाढते. आम्ही आईंसाठी वाढीव बिल आनंदाने दिले.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर पँथिऑन पाहिले. सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा हा घुमट, रुंदी ४३ मीटर आणि जमिनीपासून उंचीही तेवढीच. लोखंडी सळईशिवाय बांधलेला काँक्रीटचा एवढा मोठा घुमट जगात दुसरा नाही. माथ्यावर गोल भोक उघडे आहे. पाऊस सरळ आत पडतो आणि फरशीतल्या छिद्रांतून वाहून जातो. आता ते चर्च असल्यामुळे खांदे-गुडघे झाकलेले हवेत. आपल्या साडीला कुठेच अडचण नाही.

तिथून हळूहळू चालत नवोना चौकात आलो. मधोमध बेर्निनीने १६५१ साली पूर्ण केलेले चार नद्यांचे कारंजे. नाईल, डॅन्यूब, दक्षिण अमेरिकेतली प्लाता आणि चौथी आपली गंगा! मी हे सांगताच सासूबाई पुढे झाल्या. पाहतात तो, हातात वल्हे घेतलेला दाढीवाला पुरुष. "अगं बाई, गंगामाईला दाढी?" त्या पदर तोंडाला लावून हसल्या. मग हसता हसता गप्प झाल्या. सासरे होते तेव्हा काशीला जायचे दोनदा ठरून राहिले होते. त्यांनी हात जोडले, बराच वेळ बाकावर बसून राहिल्या आणि म्हणाल्या, "उद्या किती वाजता निघायचं?"

तेव्हा मैत्रिणींनो, पहिल्या दिवशी दोनच ठिकाणे ठेवा, तीही चालत जाण्याजोगी. रस्ते दगडी चौकोनांचे आहेत, म्हणून पायांत सपाट, मऊ चपला हव्यात. पासपोर्ट आणि पैसे अंगाशी ठेवा, गर्दीत खिसेकापू असतात. अडचण आली तर ११२ क्रमांक लावा. आणि त्या दिवसाचा बेत आखताना घरातल्या सर्वांत थकलेल्या माणसाचा विचार आधी करा. मग बाकीचे दिवस सर्वांचे सुखाचे जातात.