पन्हळी पत्रा आणि पुष्पक

गेल्या आषाढांतील गोष्ट. ठाण्यांत पाऊस कोसळत होता आणि आमच्या पडवीच्या पन्हळी पत्र्यावर त्याचा असा कांहीं ताशा चालला होता कीं, समोरच्या माणसाचें बोलणें ऐकूं येऊं नये. अशा वेळीं शेजारचे एक गृहस्थ आपल्या तेरा वर्षांच्या चिरंजीवांना पुढें घालून आमच्याकडे आले. "सर, याला तुम्हीच चार शब्द सांगा. दिवसभर कागदाचीं नि पुठ्ठ्याचीं विमानें करीत बसतो. शाळेच्या वह्यासुद्धां याच्या तावडींतून सुटत नाहींत." चार शब्द म्हणजे कानउघाडणीचे, हें उघडच होतें.

वाचकहो, हें काम मला नवें नव्हतें. नोकरींत असतांना मीं एका विद्यार्थ्याच्या हातांतलें कागदी विमान सर्व वर्गादेखत फाडून टाकलें होतें. वर्ग हसला. त्या मुलानें पुन्हां विमान केलें नाहीं. परंतु शाळा सोडीपर्यंत त्यानें कधीं एक शंकाहि विचारली नाहीं. शिस्त राखल्याचें समाधान त्या वेळीं मला वाटलें. सेवानिवृत्तीनंतर तें उरलें नाहीं. म्हणून या खेपेस मीं उपदेश बाजूस ठेवला आणि वहीचा एक कोरा कागद मागितला.

दोन पुस्तकें वीतभर अंतरावर ठेवून त्यांवर तो कागद पुलासारखा आडवा टाकला व वर एक पेन्सिल ठेवली. कागद वांकला, पेन्सिल खालीं आली. नंतर त्याच कागदाला पंख्यासारख्या बारीक घड्या घातल्या व तो पुन्हां तसाच ठेवला. आतां त्यानें पेन्सिल तर पेललीच, पण कंपासपेटीहि पेलली. कागद तोच, वजन तेंच. केवळ आकृति बदलली. "आतां वर पाहा," मीं म्हटलें. मुलानें छपराकडे पाहिलें. "अशाच पन्हळी पत्र्याचें विमान एका प्राध्यापकानें शंभर वर्षांपूर्वीं उडविलें," असें सांगतांच बाप-लेक दोघेहि सरसावून बसले.

त्या प्राध्यापकाचें नांव ह्यूगो युंकर्स. जन्म १८५९ चा. जर्मनींतील आखेन येथें ते अध्यापन करीत; आणि डेसाऊ येथें १८९५ मध्यें स्थापन झालेला त्यांचा कारखाना स्नानाचें पाणी तापविणारीं गॅसचीं यंत्रें करी. आपल्या भाषेंत न्हाणीघरांतले बंबच म्हणाना! पातळ पत्रा वांकवावा कसा नि जोडावा कसा, हें ज्ञान या बंबांच्या कामांतून मिळालें. त्या काळचीं विमानें म्हणजे लांकडाचा सांगाडा, वर ताणलेलें कापड आणि पंखांना आवळून धरणाऱ्या तारा. युंकर्स यांनीं १९१५ मध्यें पोलादी पत्र्याचें विमान उडवून दाखविलें, आणि २५ जून १९१९ रोजीं ‘एफ् १३’ हें त्यांचें प्रवासी विमान आकाशांत गेलें. तें ड्युरॅल्युमिन या हलक्या मिश्रधातूचें होतें. अंगावर पन्हळी पत्रा. पंख जाड व आंतूनच बळकट, म्हणून बाहेर एकहि तार नाहीं. बंद खोलींत चार उतारू व पुढें दोन वैमानिक बसत. अशीं तीनशेंहून अधिक विमानें झालीं आणि कोलंबियापासून इराणपर्यंत चाललीं.

मात्र या विमानाचा जन्ममुहूर्त बरा नव्हता. तीनच दिवसांनीं, २८ जून रोजीं, व्हर्सायच्या तहावर सह्या झाल्या. महायुद्धांत हरलेल्या जर्मनीस हवाई दल ठेवण्याची मनाई झाली. कांहीं काळ विमानें बांधण्याचीहि मनाई झाली. १९२२ मध्यें ही बंदी सैल झाली, पण अटी जाचक होत्या. वेग ताशीं १७० किलोमीटरांहून, उंची ४,००० मीटरांहून आणि भार ६०० किलोंहून अधिक नसावा. एकासनी विमानास ६० अश्वशक्तीहून मोठें एंजिन असल्यास तें लढाऊ समजलें जाई. या अटी १९२६ च्या मे महिन्यांत उठल्या.

मनाई झाली म्हणजे मनुष्य एक तर हात बांधून बसतो, नाहीं तर उरलेल्या वाटेचा कसून अभ्यास करतो. एंजिनाशिवाय उडण्यास कोणाची मनाई नव्हती. ऱ्होन भागांतील वासरकुप्प नांवाच्या डोंगरावर १९२० पासून तरुण विद्यार्थी स्वहस्तें बांधलेलीं ग्लायडरें घेऊन जमूं लागले. १९२२ च्या ऑगस्टमध्यें मार्टेन्स नांवाचा विद्यार्थी एक तासाहून अधिक वेळ वाऱ्यावर तरंगला. कांहीं दिवसांतच हेंट्झेन यानें तीन तासांची मर्यादा ओलांडली. थोड्या शक्तींत अधिक उड्डाण कसें साधावें, याची ती पाठशाळाच झाली.

त्या पाठशाळेचीं फळें म्हणजे जर्मनींतील छोटीं विमानें. हान्स क्लेम यांच्या १९२४ सालच्या दोन आसनी ‘एल् २०’ विमानाचें एंजिन अवघ्या २० अश्वशक्तीचें होतें. आज आपल्या रस्त्यावरून धडधडत जाणाऱ्या बुलेट मोटारसायकलीचें बळ साधारण तेवढेंच असतें. असल्या विमानांत बसून कोनिग-वार्टहाउझेन हा तरुण १९२८ मध्यें बर्लिनहून निघाला आणि इराण, हिंदुस्थान व सयाम या मार्गानें, समुद्र मात्र जहाजानें ओलांडीत, पृथ्वीप्रदक्षिणा करून परतला. पुढें १९३१ च्या डिसेंबरांत एली बाइनहोर्न ही चोवीस वर्षांची तरुणी क्लेम यांच्याच विमानांतून एकटी निघाली, ती हिंदुस्थानावरून १९३२ च्या मार्चांत ऑस्ट्रेलियांत उतरली. याच सुमारास लहान गांवांना जोडणारीं तीन-चार उतारूंचीं विमानेंहि झालीं; फोके-वुल्फ कंपनीचें ‘ए १६’ आणि मेसरश्मिट यांचें ‘एम् १८’ हीं त्यांपैकींच. आपल्याकडे १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर्. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूस उतरले, तें ‘पस् मॉथ’ विमान इंग्लिश असलें तरी याच लहान वर्गांतलें होतें.

येथें मुलाच्या वडिलांनीं विचारलें, "सर, यांत आपलें कोण?" प्रश्न योग्यच होता. कोल्हापूर भागांत १९०८ मध्यें जन्मलेले विष्णु माधव घाटगे हे जर्मनींत गॉटिंगेन येथें लुडविग प्रांटल या थोर वायुगतिशास्त्रज्ञाच्या हाताखालीं शिकले व १९३६ मध्यें डॉक्टर झाले. १९४० मध्यें सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनीं बंगळूर येथें विमानांचा कारखाना काढला. तेथें घाटगे यांनीं केलेली पहिली रचना एका ग्लायडराची होती, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. पुढें त्यांच्या देखरेखीखालीं ‘एच्. टी. २’ हें शिकाऊ विमान १९५१ मध्यें उडालें, आणि १९५८ मध्यें ९० अश्वशक्तीचें दोन आसनी ‘पुष्पक’. रामायणांतील पुष्पक इच्छामात्रें चालत असे. या पुष्पकानें मात्र आपल्या फ्लाइंग क्लबांतील पुष्कळ तरुणांना हातीं धरून उडावयास शिकविलें.

या कथेची दुसरी बाजू मुलापासून लपविणें मला प्रशस्त वाटलें नाहीं. १९३३ मध्यें नाझी सत्तेवर येतांच युंकर्स यांना पेटंटें व कारखाना सोडावयास लावलें. डेसाऊ सोडावें लागलें. आणि १९३५ च्या ३ फेब्रुवारीस, आपल्या शहात्तराव्या वाढदिवशींच, ते वारले. हौशी वैमानिकांचे क्लब सरकारनें एका छत्राखालीं ओढले. मेसरश्मिट यांचें १९३४ सालचें ‘१०८’ हें चार माणसांचें प्रवासी विमान. त्याच्या रचनेंतील धडे दुसऱ्याच वर्षीं ‘१०९’ या लढाऊ विमानाच्या कामीं आले. खेळ म्हणून मिळविलेली विद्या संहाराच्या दारीं उभी राहिली.

त्या संहाराची सावली आपल्या उंबरठ्यापर्यंत आली होती. दुसऱ्या महायुद्धांत इंग्रज सरकारनें कल्याणजवळ नेवाळी येथें शेतकऱ्यांच्या जमिनींवर धावपट्टी केली. त्या जमिनींचा वाद इतका चिघळला कीं, २०१७ मध्यें तेथें शेतकऱ्यांचें मोठें आंदोलन झालें. आकाशांतील युद्ध संपलें. खालच्या बांधावरचें दुःख सत्तर वर्षें संपलें नाहीं.

पाऊस ओसरला होता. मीं गृहस्थांना म्हटलें, "विमानें बंद करूं नका, वह्या तेवढ्या वांचवा. रद्दी कागद माझ्याकडे पुष्कळ आहे." आणि मुलाला सांगितलें, "प्रत्येक विमानाचें वजन, पंखाची लांबी नि तें किती पावलें गेलें हें एका वहींत मांडीत जा. दर रविवारीं मला दाखव." आतां तो येतो, आणि त्याच्या शंका मला पुरून उरतात.

पालकांस माझी विनंती एवढीच. मुलाच्या हातांतील खेळ हिरावून घेण्यापूर्वीं त्यांत काय शिकणें चाललें आहे तें पाहावें. आणि तें शिकणें कोणाच्या कामीं यावें, हेंहि त्याच वयांत त्याच्याशीं बोलावें. पहिली गोष्ट मीं एकदां केली नाहीं. दुसरी गोष्ट, आपण शिकविणारे लोक पुष्कळदां विसरतों.