जुनं म्हणजे महाग? खाणीतल्या दिव्यांचा आणि बिल्ल्यांचा बाजार काय सांगतो

जुन्या वस्तू घेऊन विकायचा धंदा सुरू करायचाय, असं म्हणणारे बरेच जण मला हमखास विचारतात, "सर, वस्तू जुनी आहे म्हणजे भाव वाढणारच ना?" तर नाही. जुनं असणं वेगळं, दुर्मीळ असणं वेगळं, आणि दुर्मीळ असूनही भाव पडू शकतो. हे नीट कळायला आज ब्रिटनमधल्या कोळसा खाणींच्या वस्तूंचं उदाहरण घेऊ. तिथे माल जास्त होणं आणि नकली माल येणं, दोन्ही एकाच बाजारात बघायला मिळतं.

आधी वस्तू समजून घ्या. १८१५ साली हम्फ्री डेव्ही यांनी खाणीसाठी सुरक्षित दिवा बनवला. ज्योतीभोवती धातूची बारीक जाळी असते. ती उष्णता खेचून पसरवते, त्यामुळे बाहेरचा मिथेन वायू पेट घेत नाही. पुढे विजेचे दिवे आले तरी हा दिवा टिकला, कारण हवेत मिथेन असला की ज्योतीवर निळसर टोपी दिसते. थोडक्यात, तो गॅस ओळखायचं साधन झाला. दुसरी वस्तू म्हणजे पितळेचा नंबर असलेला बिल्ला, तिकडे त्याला पिट चेक म्हणतात. कामगार बिल्ला देऊन दिवा घ्यायचा. अपघात झाला तर खाली कोण आहे ते या बिल्ल्यांवरून कळायचं. आजोबा ज्या खाणीत होते त्याच खाणीचा बिल्ला लोक शोधतात, तो यासाठीच.

आता सप्लाय बघा. १९८४-८५ च्या मोठ्या संपाच्या वेळी तिथे सुमारे १७० खाणी चालू होत्या. शेवटची खोल खाण, यॉर्कशरमधली केलिंग्ली, डिसेंबर २०१५ मध्ये बंद झाली. खाण बंद झाली की दिव्यांचं आणि बिल्ल्यांचं काम संपतं आणि माल बाजारात येतो. त्यात भेटवस्तूंची भर. निवृत्तीला, समारंभाला द्यायला नवे चकचकीत दिवे बनत आलेत. वेल्समधल्या अ‍ॅबरडेअरची ई. थॉमस अँड विल्यम्स ही जुनी कंपनी त्यासाठी प्रसिद्ध आहे. हे दिवे नकली नाहीत हं. कंपनी खरी, नाव खरं. पण ते खाणीत कधी उतरले नाहीत, आणि भरपूर आहेत. त्यामुळे असा दिवा ‘अँटिक’ म्हणून चढ्या भावात उचललात, तर गिऱ्हाईक शोधत बसाल.

तरी माझ्या मते जास्त माल हे दुखणं झेपण्यासारखं आहे. सामान्य वस्तूचा भाव उतरतो, पण लवकर बंद झालेल्या लहानशा खाणीच्या बिल्ल्याला त्याने फारसा धक्का लागत नाही. नकली माल मात्र नेमका तिथेच घाव घालतो. स्वस्त बिल्ल्याची नक्कल करून कोणाला काय मिळणार? नक्कल दुर्मीळाचीच होते. आणि एकाच दुर्मीळ खाणीचे पाच-सहा बिल्ले एकदम विक्रीला दिसले की खऱ्या बिल्ल्याकडेही लोक संशयाने बघतात.

हे आकड्यात मांडू. आकडे फक्त समजण्यापुरते. समजा खऱ्या वस्तूची किंमत ५,००० रुपये आणि नकलेची ५००. बाजारात १० नग आहेत, ४ खरे, ६ नकली, आणि गिऱ्हाइकाला फरक कळत नाही. तो सरासरी धरतो: २३,००० भागिले १०, म्हणजे २,३०० रुपये. ज्याच्याकडे खरा नग आहे तो म्हणतो, एवढ्यात कशाला विकू? तिघे आपला माल काढून घेतात. आता ७ नगांत १ खरा. सरासरी येते सुमारे १,१४३ रुपये. मग तो चौथाही जातो. जॉर्ज अकरलॉफ या अर्थतज्ज्ञाने १९७० साली जुन्या गाड्यांचं उदाहरण देऊन हेच मांडलं होतं, आणि २००१ च्या अर्थशास्त्राच्या नोबेलमध्ये त्याचा वाटा होता. बीबीएला आम्ही हे परीक्षेपुरतं पाठ केलं. दुकानात बसल्यावर खरं कळलं.

मग खरा नग विकणाऱ्याने काय करायचं? पुरावा विकायचा. बिल्ला कोणाच्या घरातून आला, सोबत पगाराची चिठ्ठी किंवा फोटो आहे का, हे जपून ठेवायचं. घेताना तारखा जुळवायच्या. ब्रिटनच्या खाणी १ जानेवारी १९४७ ला सरकारी झाल्या आणि नॅशनल कोल बोर्डाकडे गेल्या. खाण त्याआधीच बंद झालेली असेल आणि बिल्ल्यावर बोर्डाचं नाव असेल, तर पुढे बोलायचंच नाही. दिवा असेल तर कुलूप बघा. खाली कोणी उघडू नये म्हणून खऱ्या दिव्याला शिशाच्या रिव्हेटचं किंवा चुंबकाने उघडणारं कुलूप असायचं. शोभेच्या नकलेत बऱ्याचदा कुलूप नुसतं दिसायला असतं, कधी आत जाळीही नसते.

यात आपला संबंध कुठे? असे शोभेचे पितळी दिवे आपल्या देशातही बनतात आणि बाहेर जातात. तो धंदा चांगला आहे, बिनधास्त करा. पण एखादा परदेशी गिऱ्हाईक म्हणेल, "खाली जुन्या कंपनीची पट्टी लावा आणि जरा काळपट करून द्या." तिथे ऑर्डर मोठी असली तरी नाही म्हणा. दुसऱ्याचा ट्रेडमार्क खोटा लावणं हा १९९९ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि नग पकडला गेला की तुमचा सरळ मालही संशयात येतो. दिव्याच्या तळाला स्वतःचं नाव आणि वर्ष ठोका, बिलावर ‘नवीन, शोभेची प्रतिकृती’ असं स्पष्ट लिहा, आणि भाव पितळ, मजुरी, पॅकिंग, भाडं अधिक तुमचं मार्जिन असा काढा. त्यात जुनेपणाचे पैसे धरू नका.