रोज रोज रक्त कशाला काढतात?

उस्मानपुऱ्यात दवाखाने पुष्कळ. कन्नड-पैठणकडची माणसे बाहेर बसलेली असतात, आणि आत मोठे ऑपरेशन झालेल्या रोग्याबद्दल तक्रार चालते, "आधीच माणूस अशक्त, त्यात रोज रक्त काढतात!"

श्रोतेहो, काढतात ते एकदोन चमचे. अंगात असते सुमारे पाच लिटर. पण कशासाठी, ते सांगायला हवे.

जठरामागे स्वादुपिंड असते. त्याचा रस अन्न पचवतो. त्याच्या डोक्याकडे कर्करोग झाला, तर तो भाग काढून उरलेले पिंड बहुधा आतड्याला शिवतात. पण मऊ पिंडात टाका धरत नाही, लोण्यात शिवण घालावी तसे! जोडातून रस पाझरला, तर अन्न पचवणारा तो रस आतला भाग पोखरू लागतो, रक्तवाहिनीसुद्धा फुटते. ताप, पोटदुखी कधी उशिराच दिसतात. रक्त आधी इशारा देऊ शकते.

यकृतात 'सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन' नावाचे द्रव्य तयार होते. निरोगी माणसात ते लिटरला दहा मिलिग्रॅमच्या आत असते. अशा ऑपरेशननंतर दोन दिवसांत शंभराच्या वर जाते. सगळ्यांचेच जाते, बरं का! पाऊस पडल्यावर गोदावरी चढणारच. पाऊस थांबूनही तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाणी चढतच राहिले, तर मात्र शंका घ्यावी. म्हणून एका आकड्याला अर्थ थोडा; कालचा आणि आजचा शेजारी ठेवून पाहावा लागतो. शिवाय रक्त जागा सांगत नाही. न्यूमोनियानेही आकडा चढतो. मग सीटी स्कॅन करतात. पोटातल्या नळीच्या पाण्यात अमायलेज हा पाचक घटकही तपासतात. तिसऱ्या दिवशी तो रक्तातल्या नेहमीच्या कमाल प्रमाणाच्या तिपटीहून जास्त निघाला, तर रस पाझरतो आहे असे धरतात. पुष्कळदा ही गळती आपोआप थांबते.

नेदरलँड्समधील सतरा रुग्णालयांनी रोग्याची प्रकृती, रक्त आणि नळीचे पाणी रोज पाहून ठरलेल्या नियमाने लगेच पाऊल उचलले. २०२२ साली अहवाल आला : मोठा रक्तस्राव, अवयव निकामी होणे किंवा मृत्यू ह्यांपैकी काही ओढवलेले रोगी शंभरात चौदा होते, ते आठ झाले. नवे औषध कुठलेच नव्हते.

तेव्हा डॉक्टरांना विचारा, "काल किती होते, आज किती?" कागद जपून ठेवा. आणि घरी नळीसकट पाठवले असेल, नि नळीतून लाल पाणी आले, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा.