पन्हळ साफ, तर भिंत शाबूत

मे महिना उतरणीला लागला, की आपल्या कोकणात घरोघरी एकच लगबग सुरू होते. लाकूडफाटा पडवीत भरायचा, कौले परतायची, फुटकी बदलायची, पडवीला झड बांधायची. पावसाची बेगमी कुठे कमी पडू नये म्हणून लहानथोर उन्हात राबतात. पण एक काम हमखास मागे राहते. पन्हळ कोण बघतो? "बघू सावकाश" म्हणता म्हणता मृग येतो, आणि मग वर चढायची सोय राहत नाही.

पूर्वी पोफळीचे खोड उभे चिरून पन्हळ करीत. ते दोन-चार पावसाळ्यांत कुजायचे, बदलावे लागायचे, त्यामुळे आपसूकच लक्ष जायचे. आता पत्र्याची नाही तर पीव्हीसीची पन्हळ आली. एकदा बसवली की झाले, असा आपला समज. खरी चूक तिथेच होते. पन्हळ टिकाऊ झाली, पण आंबा-फणसाची पाने पडायची थोडीच थांबलीत?

पाण्याचा हिशेब

शेतकरी बंधूंनो, साधा हिशेब करा. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला, की एक लिटर पाणी होते. घराचे एक पाखे ४० चौरस मीटर धरा. दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला, आणि आषाढात आपल्याकडे त्याचे नवल नाही, तर ४,००० लिटर पाणी झाले. म्हणजे दोनशे लिटरची वीस पिंपे! पन्हळीच्या तोंडाशी पानांचा बोळा बसला, तर एवढे पाणी जायचे कुठे?

ते काठावरून सांडते, वाशांची टोके भिजवते, भिंतीवरून ओघळते आणि जोत्याच्या मुळाशी मुरते. मूळ घराला मागाहून खोली जोडली असेल, तर दोन पाखांच्या मधल्या पन्हळीत धोका जास्त. तिथे तुंबलेले पाणी कौलांखालून थेट आत उतरते. वळचणीचे पाणी आढ्याला लागत नाही म्हणतात, पण तुंबलेल्या पन्हळीत ते निदान कौलांखालपर्यंत तरी चढते!

मातीच्या किंवा मातीत रचलेल्या जांभ्याच्या भिंतीला ही ओल फार वाईट. वरून सिमेंटचा गिलावा दिसतो ठाकठीक, आत माती मऊ होत जाते. फुगलेला गिलावा, भिंतीवरचा ओला पट्टा, जोत्याला नवी चीर दिसली, तर त्या भिंतीकडेला कोणालाही झोपू देऊ नका. भिंत पडताना हाक मारून पडत नाही.

आणखी एक. कुजलेल्या पानांत पक्ष्यांच्या विष्ठेतून पिंपळाचे बी रुजते आणि त्याची मुळे भिंतीत शिरतात. रोप बोटाएवढे असतानाच मुळासकट काढा. दोन सरींच्या मधल्या उघडिपीत पन्हळीत पाणी साचून राहिले, तर डेंग्यूचा डास तिथेच अंडी घालतो. आठ-दहा दिवसांत त्यांचे डास होतात. टाकी-पिंपांसाठी आठवड्याचा कोरडा दिवस पाळता ना? त्यात पन्हळही धरा.

साफ कधी आणि कशी करावी?

पहिली सफाई मेअखेर. दुसरी मृगाच्या सुरुवातीच्या वाऱ्यापावसानंतर, कारण पानांचा मोठा थर तेव्हाच पडतो. तिसरी गणपतीआधी, चाकरमानी घरी आले की शिडी धरायला माणूसही मिळतो. झाड छपरावर आलेले असेल, तर दर पंधरा दिवसांनी नजर टाकावी. लोंबत्या फांद्या उन्हाळ्यातच छाटाव्यात.

कचरा हाताने किंवा लाकडी फळीने ओढावा. खुरप्याने पत्रा खरवडला, की तिथेच गंज धरतो. काढलेला कचरा खाली उतरत्या नळात ढकलू नका, बादलीत भरून खताच्या खड्ड्यात टाका. मग दोन कळशा पाणी ओतून बघा. पाणी मध्येच थबकले, तर उतार बिघडलाय. दहा फुटांना साधारण एक इंच उतार हवा. नळाच्या तोंडाला जाळी बसवा, पण जाळी बसवली म्हणजे सुटलो असे नाही. पाने जाळीवरही साचतात. खाली पडणारे पाणी जोत्यापासून लांब नेणारे गटारही मोकळे करा.

जिवाशी खेळ नको

शिडी जमिनीवर घट्ट टेकलेली हवी. चार फूट उंचीला पाया भिंतीपासून एक फूट लांब, आणि खाली धरायला माणूस. विजेची सर्व्हिस वायर कुठून जाते ते आधी बघा. सिमेंटच्या पत्र्यावर पाय देऊ नका, तो क्षणात मोडतो. शेवाळलेल्या कौलांवर, भर पावसात, एकट्याने चढू नका. ओल्या पानांत विंचू, घोण दडलेली असते, म्हणून हातमोजे घाला.

शाळा-अंगणवाडीचे काय?

सरपंच, सदस्य आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनाही एक विनंती. शाळा, अंगणवाडी, समाजमंदिर यांच्या पन्हळी नेमक्या कोणी साफ करायच्या? शाळा म्हणते पंचायतीने, पंचायत म्हणते शाळेने, आणि पाने तशीच राहतात. १ मेच्या ग्रामसभेत यादी करा, प्रत्येक इमारतीपुढे एका माणसाचे नाव लिहा आणि शाळा उघडण्यापूर्वी स्वतः जाऊन बघा. मजुरी द्यावी लागली तरी ती एका सकाळची असते. भिंत पुन्हा बांधायची म्हटली, तर वर्षाचे नियोजन कोलमडते. आणि त्या भिंतीलगत आपलीच पोरे बसलेली असतात.

तेव्हा मंडळी, या वर्षी कौले परतायला शिडी लावाल, तेव्हा ती तशीच काढून ठेवू नका. चार हात पुढे सरकवा आणि पन्हळीत एकदा हात घालून बघा.